जाळ कशासाठी घालायचा? वेदगंगेकाठच्या एका गुऱ्हाळ-रात्रीचा प्रकरण अभ्यास

कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठी एक गाव आहे. तिथे जानेवारीत एका रात्री, कित्येक वर्षं बंद पडलेलं गुऱ्हाळ पुन्हा पेटवून त्याभोवती वादन, गाणी आणि गावाच्या आठवणी असा उघड्यावरचा प्रयोग झाला. गावातलं तरुण मंडळ, शहरातून आलेले एक नाट्यदिग्दर्शक, हलगीवाले, गोंधळी आणि गुऱ्हाळावर उमेदीची वर्षं घालवलेली दोन-चार म्हातारी माणसं यांनी मिळून तो उभा केला. माझ्याकडे परवानग्या आणि जमाखर्च होता. त्यामुळे रंगमंचापेक्षा कागद जास्त पाहिले आणि सगळ्या बाजूंच्या तक्रारी ऐकल्या. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम घेत नाही. सीमाभागात नाव घेतलं की प्रयोग बाजूला राहतो आणि भाषेवरच गाडी घसरते.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं त्या नजरेनं तपासता येईल. त्या रात्री जिथे जाळाला काही काम होतं, तिथे प्रयोग उभा राहिला. जिथे जाळ नुसता दाखवायला होता, तिथे लोकांनी मोबाईल काढले आणि बघे झाले.

गुऱ्हाळ काय होतं

निपाणी म्हटलं की बाहेरच्यांना तंबाखू आठवते, आणि १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली झालेलं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन. पण वेदगंगा-दूधगंगेच्या पाणथळ पट्ट्यात ऊसच मोठा. कागलकडचं गुऱ्हाळ आणि निपाणीकडचं गुऱ्हाळ यात नकाशावरची राज्यांची रेघ सोडली तर फरक नाही. घाणा तोच, काहील तीच, गूळही त्याच अडत्यांकडे जायचा. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा या काठावरच्या म्हाताऱ्यांनी ‘मग आमचा कुठला?’ असं विचारलं होतं. उत्तर कुणी दिलं नाही.

गुऱ्हाळं बंद पडण्याची कारणं साधी आहेत. साखर कारखाने ऊस शेतातनंच उचलतात. काहिलीवर रात्रभर उभा राहणारा माणूस मिळत नाही आणि गुळाचा भाव हंगामात कधी बसेल याचा नेम नाही. या गावातलं गुऱ्हाळ आधीच आचके देत होतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात शेड बसलं, चुलवाणात गाळ भरला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. त्या वेळी यमगर्णीजवळ महामार्गच वेदगंगेच्या पाण्याखाली गेला होता, तिथे गुऱ्हाळाकडे बघतो कोण? उरलं होतं ते चुलवाणाचं तोंड, अर्धं धुराडं आणि काहील उचलायची गंजलेली यारी.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे. चुलवाण म्हणजे जमिनीत खोदलेली भट्टी. एका अंगाला जाळ घालायचं तोंड, दुसऱ्या अंगाला धुराडं, वर काहील, म्हणजे रस आटवायची मोठी पसरट कढई. रस पिळून झाल्यावर उरलेली चिपाडं वाळवून तीच जाळायची. रस तापू लागला की मळी वर येते. चुन्याची निवळी आणि भेंडीच्या ठेचलेल्या खोडाचं बुळबुळीत पाणी घातलं की मळी गोळा होते आणि काढता येते. रस आटत जातो. १०५ अंशांच्या आसपास काकवी होते, गुळासाठी ११८ पर्यंत जावं लागतं. गूळ करणाऱ्या गुळव्याकडे तापमापक नसतो. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो आणि ती ताटलीवर आपटतो. टण्ण वाजली की काहील उतरवायची. दोन मिनिटं उशीर झाला तर गूळ करपला, दोन मिनिटं लवकर उतरवली तर ढेप बसत नाही.

पहिला आराखडा, आणि तो का बदलला

दिग्दर्शकांनी आणलेल्या पहिल्या आराखड्यात गुऱ्हाळ पेटवायचं नव्हतंच. पेंढा, बांबू आणि चिपाडं वापरून गुऱ्हाळाची मोठी प्रतिकृती उभी करायची, तिच्याभोवती मशालींची मिरवणूक, मध्ये जात्यावरच्या ओव्या, चार प्रवेश, साखळीला पेटते गोळे बांधून फिरवणारे दोन कलावंत आणि शेवटी प्रतिकृतीला आग. त्यांच्या डोळ्यांसमोर वेल्फेअर स्टेट इंटरनॅशनल ही इंग्लंडमधली मंडळी होती. १९६८ साली सुरू झालेल्या या चमूनं उघड्यावर, गावोगावी लोकांना सोबत घेऊन आगीचे आणि कंदिलांचे प्रयोग केले. त्यांचं काम खरोखर दांडगं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांच्याकडे दर ५ नोव्हेंबरला पुतळा जाळायची शेकडो वर्षांची रीत आहे. पेटता सांगाडा बघितला की तिथल्या माणसाला आपला सण आठवतो.

इथे बैठकीत तात्या होते. तात्या म्हणजे त्या गुऱ्हाळाचे शेवटचे गुळवे. आराखडा ऐकून त्यांनी पान थुंकलं आणि म्हणाले, “सर, गुऱ्हाळ जळालं म्हंजे आमच्यात काय म्हंत्यात म्हाईत हाय काय? घर बसलं. चिपाडाच्या गंजीला ठिणगी लागंल म्हणून आमी रातरात जागलोय, आन् तुमी पेटवून टाळ्या वाजवनार?”

दिग्दर्शकांनी समजावून सांगितलं की ते प्रतीक आहे, गेलेल्या काळाला निरोप आहे. तात्या म्हणाले, “निरोपाला होळी हाय की. फाल्गुनात येतीया. तवा काय जाळायचं ते जाळा.”

बैठक तिथेच मोडली असती. मंडळातल्या एका पोरानं सहज विचारलं, मग खरं गुऱ्हाळच लावलं तर? तात्या थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी रस किती लागेल, ऊस कुणाचा, चुलवाण कोण लिंपणार, असे एकामागोमाग सवाल सुरू केले. नाटकाच्या बैठकीत आलेला माणूस पाच मिनिटांत धंद्याच्या बैठकीला बसला होता. दिग्दर्शकांचं मला कौतुक वाटतं ते इथे. महिनाभर रंगवलेली कल्पना त्यांनी वहीतनं खोडली, फक्त मिरवणूक आणि ओव्या ठेवल्या. त्या दोन्हींबद्दल पुढे येईलच.

चुलवाणाची दुरुस्ती हेच खरं पहिलं तालीमघर ठरलं. गाळ उपसला, सुटलेल्या विटा बसवल्या, आतून माती लिंपली. ओल्या लिंपणावर एकदम मोठा जाळ घातला तर ते तडकतं, म्हणून रोज संध्याकाळी थोडा थोडा विस्तव करून चुलवाण सुकवावं लागलं. त्या विस्तवाजवळ शेकायला माणसं येऊ लागली. गाण्याच्या तालमीला जेवढी आली नाहीत तेवढी.

हलगीचा सवाल

हलगी या प्रयोगात येणार हे पहिल्यापासून ठरलेलं. कारण अगदी व्यवहारी होतं. नदीकाठी जानेवारीत दव पडतं, कातडं ओल धरतं आणि हलगी थप्प बोलू लागते. मग ती जाळावर धरून तापवायची. ज्या वाद्याला आगीशिवाय आवाजच नाही, ते या प्रयोगासाठी आयतंच होतं.

पण हलगी कुणाची, हा सवाल कातड्यापेक्षा जुना आहे. मंडळाच्या उत्साही पोरांनी ठरवलं की प्रयोगाची बातमी जुन्या पद्धतीनं द्यायची, गावात हलगी वाजवत दवंडी फिरवायची. हलगीवाल्यांकडे निरोप गेला आणि सरळ नकार आला. वाजवायला येतो, दवंडी देणार नाही. त्यांच्यातल्या थोरल्या आण्णांनी कारण सांगितलं ते थोडक्यात असं: आमचा आजा दवंडी द्यायचा तो हौसेनं नव्हे. गाव सांगेल तेव्हा जायचं, मेलेलं ढोर ओढायचं, निरोप पोचवायचा, हलगी वाजवायची, आणि बदल्यात सुगीला कुणी टाकेल ते घ्यायचं. ते सुटलंय, आता खेळ म्हणूनही नको.

हे सांगताना त्यांनी जी उजळणी केली ती या भागातल्या अनेक घरांत पाठ असते. १९२० ची माणगाव परिषद, शाहू महाराज आणि तरुण बाबासाहेब. मग १९२५ च्या एप्रिलात खुद्द निपाणीत भरलेली बहिष्कृतांची परिषद, तिलाही बाबासाहेब आलेले. कर्नाटकात गावकीची वतनं कायद्यानं गेली ती १९६१ च्या कायद्यानं. ‘गावाची आठवण’ असा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. ज्या वाद्यानं मालकाच्या नातवाला बालपण आठवतं, त्याच वाद्यानं वाजवणाऱ्याच्या नातवाला वेठ आठवते.

तडजोड झाली ती चांगली झाली, आणि ती हलगीवाल्यांनीच सुचवली. दवंडी नाही, बातमी मोबाईलवरून. वादकांची नावं कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यांच्या बरोबरीनं. मानधन ठरवून, आगाऊ, खात्यावर. आणि गूळ तयार झाल्यावर त्यातला रवा, म्हणजे ढेप, मानाचा म्हणून त्यांना द्यायचा नाही. शेवटची अट ऐकून मंडळाच्या अध्यक्षांचा चेहरा उतरला, कारण तोच त्यांचा समारोपाचा बेत होता. वस्तूच्या रूपानं मोबदला म्हणजे पुन्हा बलुतंच, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

दिग्दर्शकांना सगळ्या हलग्या कातड्याच्याच हव्या होत्या, पोरांकडे मात्र फायबरच्या होत्या. लग्नाच्या वरातीत पाऊस आला तर कातड्याची हलगी घेऊन काय करणार, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. शेवटी तीन कातड्याच्या, बाकी फायबरच्या, सोबत घुमकं हा ढोल आणि कैताळ म्हणजे झांजा. कुस्तीच्या मैदानात असतो तोच ताफा.

कागद

परवानगीचा भाग लवकर आटपतो. ग्रामपंचायतीचा ठराव, पोलीस ठाण्याला अर्ज, अग्निशमन केंद्राला पत्र, जागामालकाचं संमतीपत्र. सीमाभागात मराठी कार्यक्रमाच्या अर्जावर दोन प्रश्न ठरलेले असतात: भाषणं कुणाची आणि फलक कुठल्या भाषेत. भाषणं नव्हतीच. फलकही लावला नाही, त्यामुळे त्यावर कन्नड किती आणि मराठी किती हे मोजायची वेळ आली नाही. यात धूर्तपणा नव्हता, उघड्या रानात फलक लावून वाचणार कोण? शिवाय चिक्कोडीकडचा करडी मजलूचा, म्हणजे करडी हा ढोल वाजवणाऱ्यांचा, एक ताफा येणार होता. त्यांची गाणी कन्नड, आमच्या गोंधळ्याचं मराठी, आणि यल्लम्माची पदं म्हणणाऱ्या जोगत्या दोन्ही भाषांत, मध्येच एकीतनं दुसरीत जाणाऱ्या. ठाण्यातल्या साहेबांना यादी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी फक्त गर्दीबद्दल विचारलं. मे २०२५ मध्ये गोव्यात शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली होती. इकडचे पुष्कळ भाविक तिकडे जातात, त्यामुळे ती सगळ्यांच्या मनात ताजी होती.

ध्वनीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, आणि पुढच्या दुरुस्तीनं वाद्यंही. आम्ही ध्वनिवर्धक घेतलाच नाही. पण दहाची वेळ गळ्याला लागली. पूर्ण काहिलीला अडीच-तीन तास लागतात, थंड पडलेल्या चुलवाणाला जास्त. म्हणून ऊस दुपारीच पिळायचा आणि दिवेलागणीला जाळ धरायचा असं ठरलं. घाण्याचं डिझेल इंजिन दुपारीच बंद झालं हा यातला आयता फायदा. ते चालू असताना गाण्याचा एक शब्द ऐकू आला नसता.

जाळाची काळजी

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण असले प्रयोग करू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि उत्तरं बहुतेकदा पुस्तकी मिळतात.

आगीच्या प्रयोगात लोक ज्वाळेला घाबरतात. इथे खरी भीती पाकाची होती. उकळतं पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं, पाक चिकटतो आणि पाण्यापेक्षा कितीतरी तापलेला असतो. काहील उतरवून पाक वाफ्यात, म्हणजे तो निवायच्या पसरट खड्ड्यात, ओततानाची चार-पाच मिनिटं सगळ्यात धोक्याची, आणि नेमकं तेव्हाच लोकांना पुढे यायचं असतं. दिग्दर्शकांनी दोरी बांधायची ठरवली होती. तात्यांनी सांगितलं, दोरीला कोण इचारतंय, पोरं खालनं जात्यात. त्यांनी वाफ्याच्या तिन्ही बाजूंना उसाच्या मोळ्या कमरेएवढ्या रचून घेतल्या. चौथी बाजू यारीची. मोळ्यांवर लोक रेलले, पण ओलांडून कुणी आलं नाही.

वाळल्या चिपाडांची गंजी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, चुलवाणापासून लांब ठेवली, आणि लागेल तेवढीच चिपाडं डोक्यावरून आणायची असं केलं. हेस्कॉमची विजेची तार शेताच्या एका कडेवरून जाते, म्हणून धुराड्याची बाजू सोडून प्रेक्षकांची जागा उलट्या अंगाला नेली. पाण्याचा टँकर ट्रॅक्टरसकट उभा, वाळूची पोती, ओली गोणपाटं. वादकांना आणि जाळ घालणाऱ्यांना सुती कपडे सक्तीचे. केरळात पुट्टिंगल देवळात २०१६ साली शोभेच्या दारूच्या आगीत शंभराहून जास्त माणसं गेली. तिथे आगीजवळच दारूसाठा होता. म्हणून आमचा एक नियम मंडळाला कितीही वाईट वाटलं तरी ढळला नाही: फटाका आत येणार नाही, कुणाच्या खिशातूनसुद्धा.

रात्र

सुरुवात गोंधळ्यानं केली. संबळ आणि तुणतुण्यावर गण झाला, त्यानं बुधलीतलं तेल घालत दिवटी तेवत ठेवली आणि त्याच दिवटीनं चुलवाणाचं तोंड पेटवलं. गोंधळात दिवटीला काम असतं, देवीपुढची साक्ष ती. तिच्याकडे बघायला कुणाला सांगावं लागत नाही.

मग मशालींची मिरवणूक, आणि इथे प्रयोग ढिला पडला. बांबूंना गोणपाट गुंडाळून रॉकेलमध्ये बुडवलेल्या मशाली घेऊन पंचवीसेक पोरं नदीच्या अंगानं आली. वारा पाण्यावरून येत होता. धूर सगळा प्रेक्षकांत, पोरांची तोंडं काळी, रॉकेलचे थेंब गळताहेत. लोकांनी मोबाईल वर केले. मिरवणूक कुठून निघाली, कुठे चालली, कशासाठी चालली, काही कळत नव्हतं. एकाच्या जाकिटाची बाही वितळली, तो वादक नव्हता म्हणून सुती कपड्याच्या नियमातून सुटला होता. इजा झाली नाही. नशीब म्हणायचं.

ओव्यांची गत वेगळ्या कारणानं तशीच झाली. दिग्दर्शकांनी हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांतून निवड करून आणली होती. लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह अफाट आहे आणि निवडही चांगली होती. पण बायकांना त्यातले पुष्कळ शब्द परके वाटले. “आमच्याकडं असं न्हाई म्हणत,” हे तालमीतच ऐकू आलं होतं. शिवाय गाणाऱ्या बहुतेकजणी पन्नाशीच्या आतल्या. गावात पिठाची गिरणी त्यांच्या जन्माआधीची. जातं त्यांनी लग्नातल्या हळदीपुरतं ओढलेलं. त्यातून चुलवाणाची भरभर एवढी मोठी की दुसऱ्या रांगेच्या मागे ओवी पोचेना. त्या छान गायल्या, पण लोकांचं लक्ष काहिलीकडे होतं.

काहील मात्र एव्हाना बोलायला लागली होती. मळी वर आली, हिरवट काळी, जाड. तात्यांनी भेंडीचं पाणी ओतलं आणि लांब दांड्याच्या चाळणीनं मळी ओढायला घेतली. खालचा रस हळूहळू निवळत गढूळाचा पिवळा आणि पिवळ्याचा तांबूस झाला. फेस काठापर्यंत आला की तेलाचे दोन-चार थेंब, आणि फेस बसला. लहान पोरं प्रत्येक वेळी ओरडत होती. दिग्दर्शक माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, हे मी बसवूच शकलो नसतो.

हलगीवाले चुलवाणाच्या तोंडापाशी आले ते वेगळ्या कामाला. हलगी तिरपी धरायची, ज्वाळेला नाही, धगीला. फिरवत राहायचं, मध्येच बोटानं टिचकी मारून ऐकायचं. जास्त तापली तर कातडं फाटतं. आण्णा कान लावून ऐकत होते, पलीकडे तात्या गोळी वळत होते, आणि दोघांचीही ताप पुरेसा झाला की नाही याची परीक्षा कानानंच चाललेली. करडी मजलूवाले आपली वाद्यं घेऊन त्याच धगीला आले. दवाला कन्नड-मराठी कळत नाही. तिथे दोन ताफ्यांची बोलणी झाली ती ताल कुणी धरायचा याची, आणि पुढचा अर्धा तास जे वाजलं ते कुठल्याच तालमीत नव्हतं. हलगीवरची टिपरू आणि बारीक काडी अशा वेगानं चालली होती की कैताळवाला दोनदा मागे पडला.

मिरवणूक संपली, गाणी संपली, रस अजून आटायचाच होता. साधा कार्यक्रम असता तर लोक उठले असते. इथे कुणी उठेना, कारण गूळ राहिला होता. या रिकाम्या तासात ज्या आठवणी निघाल्या त्या संहितेत एकही नव्हत्या.

एका आज्जीनं चिपाडांचं सांगितलं. ओली चिपाडं पसरायची, उलटायची, वाळली की गोळा करायची, हे काम बायकांचं. चिपाडाच्या धारेनं पायाला चिरा पडायच्या आणि त्यात रसाचा चिकटा जायचा. मजुरी बाप्यांच्या नावावर लागायची, बायकांना काकवी. एक लोटा. “गाणी कुठली म्हणतासा, दम कुणाला हुता?” असं ती म्हणाली आणि ओव्या म्हणणाऱ्या बायकाच सगळ्यांत मोठ्यानं हसल्या.

मग आण्णांनी सांगितलं. त्यांचे वडील याच गुऱ्हाळावर जाळ घालायला असत. चुलवाणापाशी ते रात्रभर असलेले चालायचे, काहिलीपाशी आलेले नाही. रस प्यायला मिळायचा, पण वरून ओतून, ओंजळीत. भांडं नाही. आण्णा लहान असताना त्यांनी वडिलांच्या ओंजळीतून रस प्यायला होता, त्याची चव अजून आहे आणि रागही.

गुऱ्हाळाच्या मालकांच्या घरातली माणसं पहिल्या रांगेत होती. त्यांच्यातले एकजण म्हणाले, आता ते जुनं झालं, कशाला काढायचं. आण्णा म्हणाले, “जुनंच काढायला बोलवलंय न्हवं आमाला?” दिग्दर्शकांनी हलगीच्या पोरांकडे हात केला, वाजवा म्हणून. तात्यांनी मळीची चाळणी आडवी धरली आणि म्हणाले, “बोलू दे त्याला. अजून अर्धा तास लागतोय.”

हा अर्धा तास मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. सभागृहात हेच बोलणं निघालं असतं तर माणसं उठून गेली असती, नाहीतर आयोजकानं माईक काढून घेतला असता. इथे जायला जागा नव्हती असं नाही, उघडं रान होतं. पण काहिलीत सगळ्यांचा ऊस होता, घराघरातून मोळी आली होती. ती उतरेपर्यंत ऐकून घेणं भाग होतं. मालकांच्या घरातली एक सून उठली ती घरी जायला नाही, चिपाडांचा भारा चुलवाणापाशी टाकायला. तिनं ते ठरवून केलं की सहज, मला सांगता येणार नाही. आण्णांनी तो भारा आत सारला. समेट झाला असं मी म्हणणार नाही. पहिल्या रांगेतले तिघे नंतर आण्णांशी बोलले नाहीत आणि अजूनही बोलत नाहीत, असं कानावर आहे.

साडेनऊच्या सुमारास गोळी वाजली. यारीला माणसं लागली, काहील कलली, पाक वाफ्यात आला. पुढचं घोटणं, डब्यात भरणं हे हलगीच्या तालावर झालं आणि दहाला पाच कमी असताना वाद्यं थांबली.

नंतरचा हिशेब

गूळ दुसऱ्या दिवशी बाजारभावानं विकला. ज्याला हवा त्यानं पैसे देऊन घ्यायचा, मानकरी कुणी नाही. आण्णांनीही रोख देऊन एक रवा नेला. रंग तांबूस होता. रसायन न घातलेला गूळ तसाच दिसतो, तरी दोन-तीन जणांनी ‘पिवळा का नाही’ म्हणून नाक मुरडलं. उसासाठी, डिझेलसाठी, विटा-मातीसाठी गेलेला खर्च गुळातून पूर्ण निघाला नाही. वादकांचं मानधन आणि चुलवाणाची दुरुस्ती वर्गणीतून भागली. पेटते गोळे फिरवणारे कलावंत आराखडा बदलल्यावर रद्द झाले होते, त्यांची आगाऊ रक्कम परत मागायची की नाही यावर मंडळात वाद झाला आणि सोडून देण्यात आली.

दिग्दर्शकांना पुढच्या वेळी त्या रिकाम्या तासातलं बोलणं बांधून संहितेत घ्यायचं आहे. माझा याला विरोध आहे. आण्णांची ओंजळ दरवर्षी ठरलेल्या वेळी ठरलेल्या उजेडात यायला लागली की तो प्रवेश होईल आणि मग तो दुसरा कुणीतरी करील, बहुधा जास्त चांगला. तासच रिकामा ठेवावा, त्यात कुणी काय बोलावं ते बोलणाऱ्यावर सोडावं. बायकांना मात्र नव्या संहितेत हवं ते काम मिळायला पाहिजे. चिपाडं वाळवणं, वाहणं, जाळ घालणं हे त्यांचं असेल, तर चुलवाणाच्या तोंडाशी त्याच दिसल्या पाहिजेत. ओव्या म्हणायच्या की नाही ते त्या ठरवतील.

मालकांच्या घरून निरोप आला आहे की जागा द्यायला हरकत नाही, पण ‘फक्त गाणी’ ठेवा. मंडळात यावर दोन तट आहेत. तरुणांना मिरवणूक पुन्हा हवी आहे, कारण मोबाईलवर सगळ्यांत जास्त तीच फिरली. हलगीवाल्यांनी सांगितलं आहे, ठरलेल्या दरात येतो, वाजवतो आणि बोलायचं तर बोलतो. तात्यांची अट एकच आहे. धुराडं पुरतं उभं करा, गेल्या वेळी धूर परत आत येत होता आणि जाळ ओढ घेत नव्हता. त्यासाठी विटा आणून टाकल्या आहेत. जागेचा प्रश्न तोडणीच्या आत सुटला नाही, तर काहील आणि यारी उचलून गायरानात नेता येईल का, याची चौकशी ग्रामपंचायतीत चालू आहे.